ताईच्या झाडांवरून गेलेली रेषा

९ जानेवारी

नेमणुकीचं पत्र एकदाचं हातात पडलं. शेजारच्या देशातून आपल्याकडे गॅस आणणारी पाइपलाइन टाकायची आहे, आणि सरहद्दीपासून शहरापर्यंतचा तिचा मार्ग ठरवणारा माणूस मी. 'मार्गप्रमुख'. महामंडळात आयुष्य घासलं, मागून आलेले जिभेवर साखर ठेवून पुढे निघून गेले, पण खरं काम निघालं तेव्हा माझ्याच टेबलापाशी यावं लागलं.

बायकोने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, गाडी मिळणार का?" तिची झेप तेवढीच. गाडी मिळणार आहे, पण मी लगेच सांगितलं नाही.

ताईला फोन केला. मोठी बहीण असली की माणूस मार्गप्रमुख होवो नाहीतर आणखी कोणी, तिच्या लेखी तो बावळटच. "काय रे काटकोना, आता दोन देशांना पट्टीने रेघा मारणार का?" म्हणाली आणि खळखळून हसली. लहानपणी मी वह्या टेबलाच्या कडेला काटकोनात लावून ठेवायचो, कुणी हलवल्या तर जेवायचो नाही. तेव्हापासून तिने हे नाव चिकटवलंय. जगात आता एवढी एकच व्यक्ती मला या नावाने हाक मारते. मला राग येत नाही. खरं तर बरंच वाटतं.

ही वही रोज ऑफिसला निघण्याआधी भरायची. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. पुढे श्रेय घ्यायला बरेच जण उगवतात.

२७ जानेवारी

मोजणीवाल्या पोरांनी पहिली रेषा काढून आणली. नव्वद टक्के ठीक. पण ताईच्या रोपवाटिकेपाशी रेषा घोड्याच्या नालासारखी वळसा घेऊन बाहेरून गेलेली! मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "सर, तिथे जमिनीत ओल आहे. बाहेरचा खडक बरा." कारण बरोबर होतं. पाइपलाइनच्या प्रत्येक वळणाला लेखी कारण द्यावं लागतं आणि ओल हे चांगलं कारण आहे.

पण मी विचार केला, उद्या कुणीतरी नकाशावर बोट ठेवणार. इथे कोणाची जमीन? मार्गप्रमुखाच्या बहिणीची. मग ओल कोण बघतंय? सगळे तोंडावर हसणार आणि पाठीमागे जे बोलायचं ते बोलणार. मी पट्टी घेतली आणि स्वतःच्या हाताने रेषा सरळ केली. ओलीसाठी पाइपाला जाड वेष्टण सुचवलं. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. अशी माणसं त्यांनी पाहिली नसतील.

पाइपावरच्या पट्ट्यात झाड ठेवता येत नाही, मुळं वेष्टण फोडतात. ताईची सात झाडं त्या पट्ट्यात येतात. बोलावं लागेल तिच्याशी. समजूतदार आहे ती.

६ फेब्रुवारी

काल दोन्ही देशांची पहिली संयुक्त बैठक. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात! ऑफिसचं सभागृह असताना हा थाट कशाला, असं मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "पाहुण्यांचा मान ठेवायला नको?" आमचे सचिव म्हणजे माणूस बघत राहावा असा. आवाज कधी चढत नाही. मला नावाने नाही, 'मार्गप्रमुख' म्हणूनच हाक मारतात. माझा नकाशा त्यांनी भिंतभर मोठा करून लावला आणि दिवसभर सभागृहाचा दरवाजा सताड उघडा ठेवायला लावला. हवा खेळती राहिली पाहिजे म्हणाले. शेजारच्या सभागृहात जहाजवाले उतरले होते, म्हणजे द्रवरूप गॅस जहाजांनी आणून विकणारी कंपनी, जिच्याकडून आपण सध्या गॅस घेतो. त्यांची सुटाबुटातली मंडळी जाता-येता आमच्या नकाशाकडे माना वळवून बघत होती. बघू देत. आता तुमचे दिवस भरले म्हणावं.

पलीकडच्या देशाचा अभियंता माझ्याच वयाचा. सारखा जांभया देतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव 'जांभईराव' ठेवलंय. समोर कोरा कागद, त्यावर दिवसभर मासे काढत बसला होता. असल्या माणसाला मार्गप्रमुख करतात म्हणजे त्या देशाचं कठीणच आहे.

चर्चा वासावर अडली. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं औषध मिसळतात. आपण ते मोठ्या वाहिनीतच मिसळतो. ते लोक शहराच्या वेशीवर पोचल्यावर मिसळतात. मग सरहद्दीवर वास घालायचा कोणी? आणि उद्या कधी उलटा गॅस त्यांना द्यायची वेळ आली तर त्यांना आपला वासाचा गॅस चालणार नाही, कारण एकदा घातलेला वास काढणं महाकठीण. संध्याकाळपर्यंत दोन देशांची शहाणी माणसं दुर्गंधीवर बोलत होती. निर्णय झाला नाही. सचिव मात्र खूश दिसले.

२० फेब्रुवारी

ताईकडे जाऊन आलो. रोपवाटिकेत शिरताच तिने माझ्या हातात पाण्याची झारी दिली. उभा आहेस तर ओळ भिजव म्हणाली. तिथे गेलं की कामाला जुंपल्याशिवाय सोडत नाही. मी ओळ भिजवता भिजवताच सांगून टाकलं, रेषा तुझ्या संत्र्यांवरून जाते.

ती खुरपं हातात धरून थांबली. "ह्यांच्या झाडांवरून?"

ही सात झाडं भाऊजींची. शेकडो रोपांतून निवडत निवडत त्यांनी ती ठेवली होती. पातळ सालीची, जवळजवळ बिनबियांची, अशी संत्री दुसऱ्या कोणाकडे नाहीत. स्वतः चाखायला ते राहिले नाहीत. गेली दोन वर्षं फळ सारखं येतंय याची खात्री झाल्यावर यंदा ताई पहिल्यांदाच त्यांच्या फांद्यांवरचे डोळे काढून जंगली रोपांवर कलमं बांधणार होती. तिच्या भाषेत ती 'आईझाडं'. इतर गुलाब-मोगरे तर सगळ्यांकडेच असतात.

"बाहेरून नाही नेता येत?"

"येतं ना. पण लोक म्हणतील, बहिणीसाठी वाकवली."

"म्हणू देत की! हे गेले तेव्हा लोक म्हणाले होते, रोपवाटिका विकून टाक. ऐकलं असतं तर आज कुठे असते मी?"

मी तिला समजावलं. देशाचं काम आहे. घराघरांत स्वस्त गॅस जाईल. आपल्या घरापासून सुरुवात झाली की बाकीचे आपोआप तयार होतील. ती झाडांकडे बघत म्हणाली, "पाइपलाइन नक्की होणार आहे ना रे? मी विचारतेय ते एवढंच."

मी म्हटलं, "ताई, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे म्हणून तर तुला विचारतेय. झाडं कलमांत उतरली की जुनी गेली तरी चालतील. सहा-सात आठवडे दे. डोळे अजून कच्चे आहेत. पक्के झाले की रोपांत भरून घेते, मग तुझी करवत आण."

एवढं तर कबूल करायलाच हवं होतं. केलं.

४ मार्च

काल दुसरी बैठक. त्याच हॉटेलात, त्याच उघड्या दाराने. वासाचं औषध म्हणजे काय ते सचिवांना कळावं म्हणून मी एक बंद कुपी नेली होती. झाकण किंचित ढिलं होतं बहुतेक. पाच मिनिटांत सभागृह ओस पडलं, जहाजवालेसुद्धा नाकाला रुमाल लावून जिन्यात. माझा कोट घरी आला तो बाल्कनीतच राहिला आणि बायकोने मलाही जवळपास तिथेच ठेवलं होतं.

पण त्या गोंधळातही मी तोडगा काढला. वास मिसळण्याचं केंद्र सरहद्दीपासून बरंच आत, आपल्याकडे ठेवायचं आणि मधल्या टप्प्यात गळती पकडणारी यंत्रं बसवायची. उलटा गॅस द्यायचा झाला तर त्या टप्प्यातून बिनवासाचा देता येईल. त्यासाठी बिनवासाची एक छोटी जोडवाहिनी. जांभईराव पहिल्यांदा सावध होऊन बसला आणि म्हणाला, "चांगलं आहे हो हे. खरंच चांगलं आहे." पण त्याचा चेहरा एखाद्याच्या घरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखा झाला होता. सचिवांना सांगितलं तर ते म्हणाले, "इतक्या लवकर? वासाचा मुद्दा अजून एखादी बैठक चालू दे." मोठी माणसं घाई करत नाहीत, हे मला शिकायला हवं.

आज सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "अहो, तुमच्या बैठका नेमक्या त्या जहाजवाल्यांशी गॅसच्या भावाची बोलणी असतात त्याच दिवशी कशा येतात हो?" तिला पेपर वाचायची सवय आहे, समजून घ्यायची नाही. मी म्हटलं, मोठ्या हॉटेलात एकाच दिवशी चार बैठका असतात, उद्या एखाद्याचं लग्नही असेल, त्याचाही संबंध लाव. ती कप उचलून आत गेली. कोट मात्र अजून आत घेतला नाही तिने.

११ मार्च

जांभईरावाला रेषा प्रत्यक्ष दाखवायला घेऊन गेलो. लाल खुंट्या एका ओळीत अशा उभ्या आहेत की मन प्रसन्न होतं. ताईच्या कुंपणापाशी तो थांबला, बुटाच्या टाचेने माती उकरली. "इथे ओल आहे. रेषा बाहेरून जायला हवी होती."

मी त्याला सगळं सांगितलं. बहिणीची जमीन, म्हणून मुद्दाम सरळ ठेवली. मला वाटलं होतं तो पाठीवर थाप देईल. त्याने ताईच्या झाडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "माझ्या मामांचं शेत आमच्या बाजूच्या रेषेवर होतं. मी रेषा वाकवली. तुम्हीही वाकवा. अजून वेळ आहे."

"कारण काय लिहू?"

"ओल. खोटं कुठे आहे?" मग गाडीत बसताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्याकडे पाइपाच्या पोलादाची मागणी गेली का हो? आमच्याकडे नाही गेली."

मामांसाठी रेषा वाकवणारा माणूस! वर ते तोंडाने सांगतोही. पोलादाचं काय, आधी मार्ग, मग पाइप. एवढं साधं काम याला कोणी शिकवलं नाही वाटतं.

१७ मार्च

सचिवांनी खास बोलावून घेतलं. चहा, बिस्किटं, दार बंद. म्हणाले, "मार्गप्रमुख, लोकांना वाटतंय की हे सगळं कागदावरच आहे. जमिनीवर काहीतरी दिसलं पाहिजे. तुमच्या भगिनींनी संमती दिली आहे असं ऐकलं. त्यागाचा एवढा मोठा दाखला माझ्या नोकरीत मी पाहिला नाही. तिथूनच सुरुवात करू. फोटोग्राफर आणतो. पंचवीस तारखेच्या आत व्हायला हवं."

मी म्हटलं, साहेब, तिला कलमं बांधायला थोडा अवधी हवाय, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. ते हसले. "तुम्हाला जड जात असेल तर राहू दे. दुसऱ्या कुणाकडून सुरुवात करू. मी समजू शकतो. बहीण आहे शेवटी."

'बहीण आहे शेवटी.' हेच! हेच वाक्य मला कोणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. मी तिथल्या तिथे म्हणालो, पंचवीसच्या आत होईल.

पंचवीसच का, हे विचारायचं राहून गेलं.

१९ मार्च

ताईकडे. पंचवीसच्या आत झाडं पाडायची म्हटल्यावर तिला आधी थट्टाच वाटली. मग माझा चेहरा बघून खुरपं खाली ठेवलं.

"तू शब्द दिला होतास."

"माझ्या हातात नाही गं."

"मग कोणाच्या हातात आहे? पट्टी तुझ्या हातात होती ना?" कधीतरी मीच फुशारकीने सांगितलं होतं तिला. "काटकोना, महिनाभराने काय बिघडणार आहे? जमिनीत पाइप कधी येणार?"

तारीख मला माहीत नव्हती. मी म्हटलं, लवकरच.

ती उठून आत गेली. मी बराच वेळ अंगणात उभा होतो. या वेळी झारी दिली नाही. बाहेर आली ती म्हणाली, "आण करवत. तू सांगतोयस की होणार आहे, म्हणजे होणार आहे. पण कच्चेच डोळे आज-उद्या भरून बघते. तू मदतीला येऊ नकोस, गड्याला पाठव फांद्या धरायला."

वाईट वाटलं. पण मोठ्या कामात घरच्यांनाच आधी सोसावं लागतं. हे वाक्य सचिवांना आवडेल.

२४ मार्च

झालं. झाडं काल दुपारी पाडली. कोवळ्या पालवीचा वास सगळीकडे पसरला होता. सचिव स्वतः आले, पाठोपाठ फोटोग्राफर. ताईला पडलेल्या झाडांशेजारी उभं केलं, मला तिच्या शेजारी. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, थोडं हसा." ती हसली नाही. सचिवांनी तिला पुष्पगुच्छ दिला, दुकानातला, चकचकीत कागदात बांधलेला. तिने तो घेतला, कागद सोडला आणि फुलं बादलीत नेऊन ठेवली. मरत होती म्हणाली.

पेपरात आज पहिल्या पानावर फोटो. 'अधिकाऱ्याच्या भगिनीचा आदर्श.' सकाळपासून ऑफिसातल्यांचे अभिनंदनाचे फोन येताहेत. फोटोत मी चांगला आलोय. कोटही तोच होता, पण फोटोत वास येत नाही.

२२ एप्रिल

तिसरी बैठक पुढे ढकलली. जांभईरावाला फोन लावला, त्याची बदली झाली म्हणे. दुसरा कोणी नेमलेला नाही. मी जोडवाहिनीचा आराखडा पूर्ण केला आहे. तो सचिवांच्या टेबलावर आहे. त्यांना वेळ मिळाला की बघतील.

ताईला फोन केला. कच्चे डोळे भरले होते त्यांतला एकही धरला नाही. सगळे काळे पडले. एवढंच सांगितलं आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

१० मे

काल रेडिओवर ऐकलं. जहाजवाल्यांशी नवा, लांब मुदतीचा करार. त्यांनी दर पुष्कळ खाली आणला. सरकार खूश, आमचे सचिव अभिनंदनाचे धनी. पाइपलाइनबद्दल शेवटी एकच वाक्य होतं: 'तूर्त स्थगित.'

चूक झाली असेल बातमीत, असं मी म्हटलं. बायकोने माझ्यासमोर पेपर ठेवला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ मे

काल ऑफिसात समारंभ होता. सगळ्यांना स्मृतिचिन्हं वाटली. पाइपाची एक चकती, घासूनपुसून आरशासारखी केलेली, लाकडी बैठकीवर बसवलेली. या प्रकल्पासाठी मागवलेला पाइप तेवढाच.

चहाच्या वेळी सचिवांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. "मार्गप्रमुख, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. जहाजवाले शेवटपर्यंत म्हणत होते, तुम्ही नुसती हूल देताय. शेवटच्या बोलणीत, सव्वीस तारखेला, मी तुमचा फोटो टेबलावर ठेवला. त्यांना म्हटलं, ज्याने सख्ख्या बहिणीची झाडं पाडली तो माणूस खोट्या पाइपलाइनसाठी पाडेल का? त्याच दिवशी ते दर खाली आणायला तयार झाले."

मी विचारलं, "साहेब, मला सांगितलं असतं तर..."

"तर तुम्ही रेषा वाकवली असती." ते अगदी प्रेमाने हसले. "तुम्ही प्रामाणिक होतात, तेच तर हवं होतं."

शेंडी लावली मला, आणि मी स्वतः पुढे होऊन डोकं दिलं. जांभईरावाला माहीत होतं. बायकोला चहा ओतता ओतता कळलं. उघडं दार, भिंतभर नकाशा, वासाचं गुऱ्हाळ, सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी खुंट्या एका ओळीत आहेत का ते बघत होतो. माझी लाज वाटते. सचिवांचा राग येतो, पण त्याहून जास्त माझ्या त्या पट्टीचा येतो.

१७ मे

ताईला तोंडाने सांगितलं. फोनवर नाही.

"म्हणजे पाइपलाइन नाही?"

"नाही."

"नव्हतीच?"

मी मान हलवली. ती बुंध्यावर बसली होती, सातांपैकी एका. म्हणाली, "तू मला फसवलं नाहीस रे. तू फसलास. पण रेषा तूच सरळ केलीस." मी रडलो. तिने रडू दिलं. जवळ आली नाही.

मग म्हणाली, ह्यांच्या निवडीतली चार-पाच रोपं कोपऱ्यात आहेत, दुय्यम म्हणून बाजूला टाकलेली. त्यांतून पुन्हा निवडत जाईन. वर्षं लागतील, पण हीच माती त्यांना मानवते, इथेच लावायची. "एवढं कर, काटकोना. त्या लाल खुंट्या काढून ने."

मी म्हटलं, या आठवड्यात काढतो. लगेच उपटायला हात पुढे केला होता, पण सरकारी खुंट्या आहेत, नोंद करून काढाव्यात असं वाटलं. मूर्ख!

४ जून

खुंट्या काढण्याची परवानगी नाकारली. पाइपलाइन 'स्थगित' आहे, रद्द नाही. पुन्हा कधी भावाची बोलणी होतील तेव्हा लागेल ना! म्हणून पट्टा राखीव. त्यात खोल मुळांची झाडं लावायला मनाई, उथळ मुळांचं काही चालेल. नियमाचा मसुदा जानेवारीत मीच लिहिला होता. पळवाट राहू नये म्हणून प्रत्येक वाक्य तपासलं होतं. आज मीच पळवाट शोधत सगळा वाचून काढला. कुठेच नाही. चोख काम आहे.

ताईला नोटीस टपालाने गेली. खाली माझी सही.

मी सचिवांकडे गेलो होतो. बोललो, हात जोडले. ते म्हणाले, "एकाला सूट दिली तर सगळे मागतील. आणि तुमच्या बहिणीला दिली तर लोक काय म्हणतील?"

१९ ऑगस्ट

ताई फोन उचलत नाही. रोपवाटिकेतली बाई उचलते आणि निरोप देते, "त्या ओळीत आहेत." दोनदा गेलो, दोन्ही वेळा 'बाहेर गेल्यात'. दुसऱ्या वेळी तिच्या चपला दाराशी होत्या.

नवीन काम मिळालं आहे. मार्गप्रमुख हे पद गेलं. आता 'पट्टा निरीक्षक'. राखीव पट्ट्यात कोणी झाड लावलंय का ते वर्षातून दोनदा बघायचं, जमीनधारकाची सही घ्यायची. गाडी तीच आहे. मी बदली मागितली, मिळाली नाही. रेषा माझ्याइतकी कोणाला पाठ नाही म्हणे.

३० सप्टेंबर

काल ताईच्या जागेची तपासणी होती. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. मनाशी पक्कं केलं होतं: तिने तिथे संत्र्याची रोपं लावलेली असणार, आणि मी ती पाहूनही 'पट्टा मोकळा आहे' असं लिहिणार. जन्मात एकदा खोटी सही करणार, ती तिच्यासाठी. गाडीत बसल्या बसल्या मला चक्क हलकं वाटत होतं. झाडं वाढतील, दर खेपेला मी खोटं लिहीन, आणि एक दिवस ती म्हणेल, ये रे काटकोना, ओळ भिजव.

पट्ट्यात पालक होता. कडेने छोटी मोसमी फुलझाडं. बुंधे उपटून टाकलेले, खड्डे बुजवलेले. संत्र्याचं एकही रोप नव्हतं. कोपऱ्यातली ती चार-पाचही दिसली नाहीत. मी वाचवावं असं तिने काही ठेवलंच नव्हतं.

ताई बाहेर आली. हात धुतलेले, पदर नीट केलेला. ओळीच्या टोकाशी वाकली, पालकाची एक जुडी मुळासकट उपटून माझ्यासमोर धरली.

"मुळं उथळ आहेत, साहेब. बघून घ्या."

मला वाटलं थट्टा करतेय. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती थट्टा करत नव्हती. रागही नव्हता. महामंडळाच्या कोणत्याही माणसाशी बोलावं तशी बोलत होती.

"ताई, ती रोपं कुठे गेली?"

"विकली. सही कुठे करायची?"

मी जागा दाखवली. तिने सही केली, पेन पुसून परत दिलं. आतून बाईने ताटलीत पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर धरला. या घरात मी माठातून स्वतःच्या हाताने पाणी घेत आलो. ते पाणी उभ्या उभ्या प्यायलो.

"अजून काही बघायचंय का तुम्हाला?" ताईने विचारलं.

काही नव्हतं. मी अहवाल भरला. पट्टा नियमाप्रमाणे आहे. निघताना झारी नेहमीच्या जागी, नळाखाली होती. मी क्षणभर तिथे थांबलो. तिने बघितलं, आणि तोंड फिरवून पुढच्या ओळीत गेली.

घरी आलो तर बायको दारातच. सकाळपासून वाट बघत असावी. "काय म्हणाल्या ताई?"

"साहेब म्हणाली," मी सांगितलं.